झोपलेलं पोर उठवणारी मावशी

झोपलेलं पोर उठवू नये म्हणतात. आमच्या लालबागच्या चाळीतल्या मावशीने हे कधी मानलं नाही. गिरणीत जाणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं तिच्याकडे ठेवून जात. ही बाई गाढ निजलेल्या पोराच्या तळपायाला टिचकी मारायची, त्याने भोकाड पसरलं की खुदकन हसायची आणि मग त्यालाच थोपटत बसायची. माझी लेकही तिच्याचकडे असे. मी दादरच्या शाळेत शिकवत होते. एकदा मी चिडलेच, "मावशी, किती मुश्किलीने झोपते ती!" तर म्हणाली, "रडणारं पोर आपलं असतं गो. निजलेल्याचा भरवसा नाय."

मावशीचा नवरा लवकर गेला. घरात ती आणि म्हातारी सासू. सासू दिवसभर हिच्या नावाने बोटं मोडायची. "अवदसा! नातीला खाल्लं माझ्या." मावशी शांतपणे म्हणायची, "चहा घ्या, निवतोय." मला म्हातारीचा भयंकर राग यायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत एका दुपारी संचारबंदी लागली. बायका गिरणीतच अडकल्या. माझी शाळा लवकर सोडली होती, म्हणून मी तेवढी मावशीकडे पोचले होते. इकडे पोरं भुकेने रडून लालबुंद झाली. शेजारीण अफूची बाळगोळी घेऊन आली. "उगाळून चाटव एकेकाला, गप निजतील." कामावर जाणाऱ्या कितीतरी आया तेच करत, पोराला गुंगी आली तरच त्यांचा पाय घराबाहेर पडायचा. मावशीने गोळ्या सरळ मोरीत फेकल्या. शेजारीण फणकाऱ्याने निघून गेली. मावशी मात्र कितीतरी वेळ मोरीत पाणी ओतत राहिली.

सासू बाहेर गॅलरीत होती. मावशीने हलक्या आवाजात मला सगळं सांगितलं. तेव्हा मावशीही गिरणीत जायची. तिची लेक तान्ही होती. एकदा सकाळच्या पाळीला निघताना तिने रोजच्यासारखी गोळी चाटवली. पुढे पोर किरकिरलं, तर आज घाईत सुनेची द्यायची राहिली असेल असं वाटून सासूने आणखी एक चाटवली. पोर उठलंच नाही. "मी दिली, मी मारली" म्हणत म्हातारी गॅलरीच्या कठड्याकडे धावली. मावशीने तिला कवळून धरलं आणि सगळ्यांदेखत खोटं सांगितलं, "तुमच्या गोळीने नाय. मी सकाळी ढीगभर चाटवली होती."

"राग करायला माणूस मिळालं, म्हणून जगली ती," मावशी म्हणाली.

पुढे म्हातारीने अंथरूण धरलं. मी म्हटलं, "आता तरी खरं सांगा तिला." मावशी माझ्यावरच उखडली. "जाताना तिच्या पदरात हे बांधून देऊ?"

शेवटच्या दिवशी मावशीने पाण्याचा चमचा तिच्या ओठांशी नेला. म्हातारीने तोंड फिरवलं. "तुझ्या हातचं नको." मावशीने चमचा माझ्या हातात दिला आणि दारात जाऊन उभी राहिली. माझ्या हातचं पाणी म्हातारी प्यायली. माझा जीव तुटत होता, ओरडून सांगावंसं वाटत होतं. मावशी दारातून मानेनेच नको, नको म्हणत होती.

म्हातारीने डोळे मिटल्यावर ती आत आली. थंड पडत चाललेले पाय मांडीवर घेऊन चोळत बसली.

"आता मला शिव्या कोण देणार गो?" म्हणाली, आणि मी ओळखत होते तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली.