थिएटरचा लाल पडदा

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. शाळा चौथीलाच सुटली. हे माझ्यापुरतंच लिहिते आहे, तरी कुणाच्या हाती पडलं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही शिरवण्यात भाड्याने राहतो. गावातलं जुनं थिएटर कित्येक वर्षं बंद होतं. गावकऱ्यांनी कमिटी करून ते दुरुस्त करायला घेतलं. पत्रे बदलले, खुर्च्या झाल्या, आणि पडदा शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी आजवर ब्लाउज शिवलेले. पण नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडेना.

पैसे काम झाल्यावर मिळणार होते. मखमलीसाठी मी बचत गटातून कर्ज घेतलं. पडदा परत आला असता तर माझे हप्ते गटातल्या बायकांना भरावे लागले असते. मशीनवर बसले की त्यांचेच चेहरे दिसायचे.

उद्घाटनाच्या सकाळी पडदा टांगला, लाईट लावले, तेव्हा दिसलं. सगळे पट्टे लालभडक, मधला एक काळपट.

पूर्वी इथे पडद्याची दोरी ओढणारे आजोबा खाली उभे होते. म्हणाले, "बाय, ह्यो पट्टा करपला काय? घरी मच्छी पन अशीच तलतेस?"

सगळे हसले. कमिटीचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "वहिनी, संध्याकाळी नाटक आहे. असा पडदा आम्ही घेणार नाही."

मी पट्ट्यावरून हात फिरवला. वरून खाली हात नेला की बाकीची मखमल मऊ लागत होती, ही खरखरीत. कापताना ताग्याचं तोंड फिरलं असणार. पट्टा उलटा लागला होता; मखमलीची लव उलटी झाली की रंग काळपट दिसतो. मी हळूच आजोबांना सांगितलं, "उतरवून द्याल का? उसवून फिरवते."

"आगं, मोठ्यानं बोल ना! आमी काय खातो तुला?" आणि तेच ओरडले, "उतरवा रे पडदा!"

स्टेजवर बसून मी उसवलं, फिरवलं, पुन्हा शिवलं. शेजारी पूजेचा नारळ मांडला तरी माझी खालची पट्टी बाकी होती; ती संपताच पडदा पुन्हा टांगला.

तिसरी घंटा झाली. आजोबांनी दोरी ओढली. पडदा मध्येच अडकला. त्यांनी एक हिसका दिला, मग तो सरकला. सगळा एकसारखा लाल.

पुढे प्रत्येक नाटकाला मी विंगेत जाऊन शिवण बघायची. पैसे अजून मिळाले नव्हते; टाके निघाले तर कमिटी देणार नाही, ही धास्ती. नाटकं कसली होती ते आठवत नाही.

अखेर पैसे मिळाले. घरी न जाता तशीच गटाच्या मीटिंगला गेले आणि सगळं कर्ज एकदम फेडलं.