डावखुऱ्याची भिंत

इंग्लंडातल्या एका खेड्यातलं चर्च दाखवताना मुलगा म्हणाला, "आबा, सात-आठशे वर्षांचं आहे."

"आपली देवळं याचे आजोबा शोभतील," मी म्हणालो. जन्मभर दगड घडवलेत मी, मला काय दाखवतो!

तरी भिंतीजवळ गेलो. छिन्नीचे घाव अजून दिसत होते, सगळे उलटे तिरपे. म्हणजे घडवणारा डावखुरा. सांध्यात माझं नख शिरेना. बाहेर चर्चच्या कबरस्तानात गावाच्या कितीक पिढ्या मातीत निजल्यात. या डावखुऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नाही, पण हात इथंच आहे. मी त्या घावांवर तळहात टेकून उभाच राहिलो.

"काय झालं, आबा?"

"गप रे. मोठा कारागीर होता."

दुसऱ्याच्या कामाला मी आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. म्हटलं, तर ऐकायला तो नव्हता.