तिच्या पिशवीचं वजन

बायकोचं सामान साडेपाच किलो भरलं आणि माझं साडेसात, त्या दिवसापासून मला घरात काही गोड लागेना.

बेत दोघांचा होता. बडोद्याहून तंजावरपर्यंत सायकलनं जायचं. आम्ही बडोद्याचे मराठी, चार पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी बोलणारे. तंजावरलाही तशीच माणसं आहेत, त्यांना भेटायला आपल्या पायांनी जावं, ही कल्पना माझी. सायकलचा नादही मूळ माझाच. कारेलीबागेतून बाजव्याच्या बाजूच्या कारखान्यात मी तीस वर्षं सायकलनं कामाला गेलो. सोसायटीतले सगळे स्कूटरवर, मी एकटा सायकलवर. बायको घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी सायकल शिकवली तीही मीच, मागून सीट धरून, सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारत. वर्षभरात ती माझ्या पुढे गेली, त्यालाही तीन वर्षं झाली होती.

तेव्हा बोललो नाही, म्हणून आता सरळ लिहितो. मला तिचा हेवा वाटायचा. रविवारी आमचा सायकलवाल्यांचा गट निघायचा, त्यात एखाद्या रविवारी ती नसली की लोक मला विचारायचे, "बेन केम नथी आव्यां?" मी नसलो की तिला कुणी काही विचारत असेल असं वाटत नाही. लांबच्या प्रवासाला काय घ्यावं आणि काय टाकावं, हे विचारायला तरुण मुलंमुली आमच्याकडे यायची, माझ्या हातात चहाचा कप द्यायची आणि तिच्याशी बोलत बसायची. मी कप धरून हसायचो.

सामान बांधायची पद्धतही तिचीच. जेवणाच्या टेबलावर चादर, चादरीवर दोघांचे दोन ढीग आणि मध्ये स्वयंपाकघरातला वजनकाटा. आपल्या ढिगातली वस्तू आपण काढायची नाही, ती दुसऱ्यानं काढायची, कारण आपल्या वस्तूत आपला जीव अडकलेला असतो. काढलेल्या वस्तूची बाजू एकदाच मांडायची. आणि पिशवी बंद झाली की दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही.

तिच्या ढिगात काढायला काही सापडेना. दोन जोड कपडे, फाडून अर्धा केलेला पंचा, डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत खोबरेल तेल, अंगाला, डोक्याला आणि कपड्यांना मिळून एकच साबण. मी उगाच चिडून तिचा कंगवा काढला. ती म्हणाली, "चालशे," आणि दुसऱ्या दिवशी केस कापून आली. वर ते तिला शोभलेही.

माझ्या ढिगातून तिनं रेडिओ काढला, मेथीच्या लाडवांचा डबा काढला, बुटांचा दुसरा जोड काढला आणि शेवटी माझं लोखंडी साखळीचं कुलूप काढलं. सव्वा किलोचं. स्टेशनबाहेरून माझी एक सायकल चोरीला गेली होती, तेव्हापासून ते कुलूप मी कधी सोडलं नव्हतं. मी बाजू मांडली. ती म्हणाली, "रात्री सायकली खोलीत घेऊ, दिवसा एकजण जवळ थांबेल." चुकीच्या गणितावर मारतात तशी फुली तिनं हवेत मारली. इतकं काढूनही माझं साडेसात उरलं होतं.

मग तिनं अट घातली. सगळं सामान लादून एकदा तीसेक किलोमीटरवरच्या करजणपर्यंत जाऊन यायचं. "आपला वेग जमला तर दोघं जाऊ. नाही जमला तर मी गटातल्या तीन मैत्रिणींबरोबर निघेन, तुम्ही रेल्वेनं तंजावरला या." तिघी केव्हापासून तयारच होत्या. माझ्याच कल्पनेतल्या प्रवासाला मी रेल्वेनं जायचं, हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण अट वाजवी होती.

करजणला निघायच्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी तिच्या उजव्या बाजूच्या पिशवीत, कपड्यांच्या खाली, ते कुलूप घातलं. फार विचार केला नाही. तिच्यातलं नि माझ्यातलं अंतर थोडं कमी झालं तर बरोबर जाता येईल, असं मनाला सांगितलं. खरं तर तिला एकदा धाप लागलेली मला बघायची होती.

दारात तिनं पिशव्या कॅरिअरला अडकवल्या, काढल्या, पुन्हा अडकवल्या, आणि पाण्याची मोठी बाटली डाव्या पिशवीत सरकवली. मला वाटलं, हिचं काहीतरी नवीन खूळ.

हायवेवर ती पुढे आणि मी मागे. दर थोड्या वेळानं ती दिसेनाशी होते की काय असं वाटायचं आणि पुन्हा दिसायची. पोर गावापाशी आम्ही थांबलो. तिनं सायकल माझ्याजवळ उभी केली आणि पाणी भरून आणायला गेली, तिला बराच वेळ लागला. मी घाम पुसत बसलो. शेवटच्या टप्प्यात मात्र ती पुढे गेली ती गेलीच.

करजणला मी पोचलो तेव्हा चहाच्या टपरीच्या बाकावर ती बसलेली होती. चहावाला म्हणाला, "काका, बेन तो क्यारनां आवी गयां छे." ती केव्हाची आली आहे हे त्यानं मला सांगायची काही गरज नव्हती. मी बसायला गेलो आणि बाकावर तिच्या शेजारी ते कुलूप दिसलं.

"सकाळी पिशवी उचलली तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "रोज उचलते मी ती."

"मग घरीच का नाही काढलंस?"

"वाटलं, दारात तुम्ही काढाल. मग वाटलं, पोरला काढाल. म्हणून तर सायकल तुमच्याजवळ ठेवून गेले."

चहा आला. मी तो हातात धरून बसलो. शेवटी म्हणालो, "तू पुढे जातेस ते मला बघवत नाही."

तिनं मान डोलावली, जणू उत्तर आधीच काढून झालं होतं आणि मी ते फक्त वाचून दाखवत होतो.

"मग मी काय करू? हळू चालवू?"

मला 'हो' म्हणायचं होतं. इतकी वर्षं झाली तरी कबूल करतो, अगदी जिभेवर आलं होतं. मी कपात बघत राहिलो, आणि तिला ते कळायला तेवढंच पुरलं.

"तुम्ही रेल्वेनं या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"वेग जमला नाही म्हणून?"

"वेग मी जमवला असता. जमवतच होते, अहो. तीन वर्षं."

तिनं चहाचे पैसे दिले, पिशवीचे बंद आवळले आणि माझा चहा संपायची वाट पाहिली. मग आम्ही बडोद्याच्या दिशेला वळलो. करजण सुटून पाच मिनिटं झाली नसतील. समोरचा रस्ता सरळ होता, ऊन स्वच्छ पडलं होतं, आणि ती कुठेच दिसत नव्हती.