नळाला आलेल्या मुंग्या

माझा मामा कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा उलटा हात लावतो. फ्रिज, इस्त्री, दाराची कडी, एकदा तर बँकेतल्या साहेबांचं लोखंडी टेबल. चाळीस वर्षं वायरमन म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? करंट लागला की मूठ आपोआप मिटते आणि तळहाताने धरलेलं सुटत नाही. उलटा हात झटक्यासरशी बाजूला होतो. हे त्याने मला शाळेत जायच्या आधी शिकवलं. बाकीच्या मुलींना मामांनी बाहुल्या आणल्या, मला टेस्टर आणला.

आता मी त्याच्याच दुकानात मोटारी भरते, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळते. मामाने घरोघरीची कामं कमी केली, काळजी मात्र कमी केली नाही. कुणी साधा बल्ब घ्यायला आलं तरी विचारतो, "घरात अर्थिंग आहे ना?" लोक हो म्हणून सटकतात. मग तो मला ऐकवतो, "करंटला जमिनीत जायचं असतं. वाट ठेवली नाही तर तो माणसातून जातो." हे मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्या सकाळी ओळखीचा प्लंबर पाण्याची मोटर घेऊन आला. दम खायला वेळ नाही म्हणत अर्धा तास स्टुलावर बसला.

"तुमच्या ताईंच्या बिल्डिंगचं काम उरकलं," तो मामाला म्हणाला. "जमिनीतून येणारा लोखंडी पाइप पार सडला होता. सगळा काढला. आता प्लॅस्टिक."

"आणि घरांतले पाइप?"

"ते लोखंडीच ठेवलेत. फरशा कोण फोडणार?"

"कधी झालं हे?"

"झाले की पंधरा दिवस."

मामाने हातातली पक्कड खाली ठेवली. "ताई काय म्हणाली होती गं? मुंग्यांचं?"

ताई म्हणजे माझी आई. आठवड्यापूर्वी जेवताना ती म्हणाली होती, की हल्ली आंघोळीच्या वेळी हाताला मुंग्या येतात. मामा म्हणाला, "वय झालं तुझं. डॉक्टरला दाखव." मीही हसले. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मुंग्या फक्त आंघोळीच्याच वेळी का येतात, हे विचारायचं आम्हा दोघा शहाण्यांना सुचलं नाही.

"तिच्या घरातलं अर्थिंग मी पाण्याच्या पाइपला बांधलंय," मामा म्हणाला. "तेव्हा सगळे तसंच करायचे."

म्हणजे गीझरमधून गळणारा करंट इतकी वर्षं लोखंडी पाइपातून गुपचूप जमिनीत जात होता. आता खाली प्लॅस्टिक. तो आईच्या नळात अडकून बसला होता.

मी फोन लावला. नुसताच वाजत राहिला. साडेनऊ वाजले होते, तिची आंघोळीची वेळ.

स्कूटर मामा चालवत होता आणि मी मागे फोन कानाला लावून बसले होते. सिग्नल लाल असताना तो थांबला नाही. नियम मोडताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मी जिन्याकडे धावले, तर त्याने दंड धरून मागे ओढलं. "वर नाही. आधी मेन."

जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन त्याने सगळ्या बिल्डिंगचा मेन स्विच खाली ओढला. हँडल सरळ तळहाताने धरलं. उलटा हात लावायला तो विसरला होता.

तिसऱ्या मजल्यावर मी दोनदा बेल दाबली आणि मग लक्षात आलं, की करंट आपणच घालवलाय. दार बडवलं. आत काहीच हालचाल नाही. पुन्हा बडवलं.

आईने दार उघडलं. डोक्याला साबणाचा फेस, हातात टॉवेल. "आग लागली का कुठे? आणि गीझर बंद पडलाय, बघ जरा."

मामा दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवरच बसला. मग त्याने मला मेन चालू करायला खाली पाठवलं, आईला बाथरूमच्या बाहेर उभं केलं, गीझर लावला आणि नळाला टेस्टर टेकवला. मी वर आले तेव्हा टेस्टरमधला दिवा लाल पेटलेला होता.

"आज तर कोपरापर्यंत आल्या," आई त्या दिव्याकडे बघत म्हणाली. "केस धुऊन झाले की तुला फोन करणार होते. म्हणजे या मुंग्या म्हातारपणाच्या नव्हत्या?"

"नाही ताई. माझ्या होत्या."

ती आत जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवली. "मग या उरलेल्या तू संपव."

त्याने पट्टी खिशात टाकली. त्या बिल्डिंगमधल्या आणखी अकरा घरांचं अर्थिंग त्याने तसंच पाइपला बांधलं होतं. आम्ही मेन परत बंद केला आणि शेजारच्या दारापासून सुरुवात केली. दार उघडलं, तसं मामाने आधी विचारलं, "तुमच्याकडे कुणाच्या हाताला मुंग्या येतात का?"