एल्सींच्या सीटवरून सीमा ओलांडताना

माझे सासरे आर्विड हाल्वर्सन यांनी उभं आयुष्य कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या बर्फात शाळेची बस चालवली. बस कधी रस्ता सोडून गेली नाही, जीभ मात्र कुठेही घसरायची. त्यामुळे दर हिवाळ्यात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन दोघं अमेरिकेतल्या उबदार ॲरिझोनाला निघाले की सीमेवर बोलायचं काम सासूबाई एल्सींचं. शेजारच्या सीटवरून त्या उत्तरं द्यायच्या आणि सासरे फक्त पासपोर्ट पुढे करायचे.

एल्सींनी मे महिन्यात परसात बटाटे लावले आणि जुलैत त्या गेल्या. माझा नवरा ग्लेन म्हणाला, "सीमेवर बाबा काहीतरी बरळले, तर ही शेवटची खेप. गाडी विकून टाकू." म्हणून यंदा मी आणि माझी मुलगी कर्स्टन सोबत निघालो. मुलीला परदेशी न्यायचं, तर ग्लेनची लेखी परवानगी हवी. ती पर्समध्ये आहे ना, हे मी वाटभर चाचपत होते.

सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या थांब्यावर सगळेच मोटरहोमवाले फ्रिज रिकामा करतात. पलीकडे जे नेता येत नाही ते पातेल्यात जातं. बाबांनी मांस, गाजरं, टोमॅटो, सगळं एकत्र शिजवलं.

"आजोबा, हे दहा जणांना पुरेल," कर्स्टन म्हणाली.

"खा मुकाट्यानं. तुझी आजी म्हणायची, अमेरिकेच्या कचरापेटीला काही मिळता कामा नये."

ते भांडी घासत होते तेव्हा मी एकेक कप्पा उघडून पाहिला. सरपणही पलीकडे चालत नाही, म्हणून मोळीही खाली उतरवून ठेवली.

सीमेवरच्या चौकीच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बाई होती. मी एल्सींच्या सीटवर होते, कर्स्टन मागे.

"कुठे निघालात?"

"उन्हाकडे," बाबा म्हणाले.

ती हसली नाही.

"ॲरिझोनाला," त्यांनी दुरुस्त केलं.

"भाज्या, फळं, मांस, माती लागलेलं काही?"

"काहीच नाही," त्यांच्या अंगावरून वाकून मीच घाईघाईने बोलले.

"आहे," बाबा म्हणाले आणि कोटाच्या खिशातून मातीने माखलेले तीन बटाटे काढले. "बायकोने लावलेले. पातेल्यात टाकायला हात धजला नाही."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर काहीच नाही म्हणालात."

"सून आहे माझी, तिला ठाऊक नव्हतं. सासऱ्याचे खिसे तपासायचं तेवढं तिच्याकडून राहिलं."

बाईने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. तिने फ्रिज पाहिला, कप्पे पाहिले, घासलेल्या पातेल्यावरचं झाकणही उचललं. कर्स्टनने माझी बोटं घट्ट धरली होती. माझ्या एका वाक्यापायी बाबांची गाडी विकली जाणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

शेवटी बटाटे घेऊन ती खाली उतरली. "तुम्ही आपणहून सांगितलंत, म्हणून एवढ्यावर भागलं," ती बाबांना म्हणाली आणि पासपोर्ट परत दिले.

सीमेपलीकडच्या माँटानात शिरल्यावर ग्लेनचा फोन आला. "बाबा नीट बोलले ना?"

"बाबा अगदी नीट बोलले."

"मग तुझा आवाज असा का?"

बाबांनी आरशातून मागे कर्स्टनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "तू मागे बस."