बंद स्टेशनाजवळचं वावर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. कुणावर लिहिण्याइतका मी मोठा नाही, तरी माफी मागून लिहितो.

दर्यापूरच्या जीपची वाट मी गावच्या बंद स्टेशनावर बघायचो. अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडी बंद होऊन वर्षं झाली होती. शेतकऱ्यांनी रुळांवर माती ओढून पेरणी केली होती. फलाटाला लागून वावर असलेला एक म्हातारा मात्र रुळांच्या दोन हात अलीकडेच वखर उचलून बैल वळवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

"काका, आज गाडी लेट हाय का?" जीपवाला ओरडायचा.

"येऊन राहिली!" म्हातारा हसून हात हलवायचा.

एकदा मी भीत भीत विचारलं, "काका, काहून सोडता एवढी जागा?"

"गाडीले वळता येत नाही बापू, मले येते."

गेल्या आठवड्यात अमरावतीच्या होस्टेलवर बाबांचा फोन आला. नव्या रुळांसाठी मोजणीवाले आले होते. बाकी वावरांत त्यांना जुनी लाइन खोदून शोधावी लागली. म्हाताऱ्याच्या वावरात ती उघडी, सरळ पडलेली होती.

"तिथूनच मोजणी सुरू केली त्याहीनं," बाबा म्हणाले. "अन् पहिला खुंटा म्हाताऱ्यानंच ठोकला."