कापसातलं अस्वल

आमच्या वऱ्हाडात दिवाळीनंतर घरात माणसं कमी आणि कापूस जास्त राहतो. वेचून आणलेला कापूस ठेवायचा कुठे, तर घरातच. आधी मागची खोली भरते, मग माजघर, आणि बाजार चढायची वाट पाहता पाहता एक दिवस आपण स्वयंपाकघरात जायला अंग चोरून, भिंतीला घासत चालतो. अकोटजवळच्या आमच्या घरी त्या वर्षी हेच झालं होतं. घर माझ्या दादाचं. मी गावातल्या बालवाडीची बाई, लग्नाच्या भानगडीत न पडता त्याच्याकडे राहणारी आणि तोंडाने फटकळ. हे मी सांगत नाही, गाव सांगतं.

कापूस दिसला की पोट्टे त्यात उड्या मारतात. कापूस मळतो, आणि व्यापारी नाक मुरडायला टपलेलाच असतो. म्हणून घरोघरी आया सांगतात, कापसात हाऊ आहे, पोरं खाणारा. माझ्या आईने मला सांगितलं, वहिनीने तिच्या पोरीला सांगितलं. पोरगी चार वर्षांची. एरवी थोड्या दिवसांत कापूस गाडीत बसून बाजारात जायचा आणि हाऊही त्याच्यासोबत जायचा. पण त्या वर्षी भाव पडलेला, दादा कापूस काढायला तयार नाही आणि हाऊ मुक्कामाला.

पोरीने घरात पाय टाकणं सोडलं. ऐन पौषातल्या थंडीत गोधडी घेऊन दारापुढच्या ओट्यावर. जेवण ओट्यावर, झोपही ओट्यावर. झोपल्यावर उचलून आत न्यावं, तर माजघराच्या उंबऱ्यावर नेमकी जागी व्हायची आणि अख्खं गाव उठवायची. खोकला छातीत उतरला. वहिनी रडकुंडीला आली. "मीच सांगतलं हाऊ हाय म्हून. आता मीच सांगतो का हाऊ नाई, तं आयकत नाई."

मी म्हटलं, माझ्याकडे द्या. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की लहान मुलांची भीती चित्रांच्या पुस्तकाने जाते. अकोल्याला गेले, दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि एक पुस्तक निवडून आणलं. त्यात एक पांढरंशुभ्र अस्वल. एक मुलगा त्याला भितो, मग त्याला कळतं की अस्वल गरीब आहे, मग दोघांची दोस्ती. चित्रं देखणी, आणि पानोपानी बर्फ.

चूक माझी नव्हती, बर्फाची होती. आमच्या पोरीसोबत शेजारपाजारचे पोट्टेही ओट्यावर जमवून मी मोठ्या झोकात पहिलं पान उघडलं. पोरीने बोट ठेवलं.

"आत्या, हा कापूस."

"कापूस नाही गं, बर्फ आहे."

"बर्फ तं गोळेवाल्याजवळ राह्यते."

बर्फ लाल असतो, काडीवर असतो आणि चोखायचा असतो, हे सगळ्यांना माहीत. हा पांढरा ढीग तर घराच्या दाराला टेकलेला. मग अस्वल आलं. मेळघाटातलं अस्वल काळं असतं, हेही सगळ्यांना माहीत. शेजारचा एक शहाणा म्हणाला, "कापसात लोळलं, म्हून पांढरं झालं." सगळ्यांना पटलं. खरं सांगते, त्या वयात मलाही पटलं असतं.

झालं. इतके दिवस हाऊला तोंड नव्हतं. मी त्याला तोंड दिलं, दात दिले, नखं दिली आणि वर पत्ताही दिला. दुसऱ्या दिवसापासून आणखी चार घरचे पोट्टे गोधड्या घेऊन आपापल्या ओट्यावर. एका आईने मला बालवाडीच्या दारातच गाठलं आणि विचारलं, "बाई, तुमाले पगार याचाच भेटते काय?"

मला राग आला की माझे हात चालतात. जुन्या कॅलेंडरची पानं काढली, मागची कोरी बाजू वर घेतली, दाभणाने शिवली आणि पुस्तक स्वतःच केलं. माझी चित्रकला अशी, की पहिलं पान पाहून वहिनीने विचारलं, म्हैस आजारी आहे काय. गोष्ट साधी होती. अस्वल डोंगरातून आलं, मऊ गादी पाहून आमच्या कापसात घुसलं आणि त्याला खाज सुटली.

घरात फार दिवस पडून राहिलेल्या कापसाची खाज ज्याला सुटली त्यालाच माहीत. किडे डोळ्याला दिसत नाहीत, पण भला माणूस चारचौघांत नको तिथे खाजवतो. त्या वर्षी सारं गाव खाजवत होतं. म्हणून मीही अस्वलाला पानोपानी खाजवत ठेवलं. चौकटीला पाठ घासून, उलथन्याने, खराट्याने. शेवटच्या पानावर ते रडवेलं होऊन म्हणतं, मला कोणाला खायचं नाही, मला खाजेवरचं करंजाचं तेल लावा, कापूस गेला की मीही जातो.

पोट्टे हसून हसून लोळले. आमची पोरगी मात्र हसली नाही. "लय खाजवते काय त्याले?" एवढंच विचारलं. मग आमच्या सगळ्यांच्या अंगाला लावायची ती करंजाच्या तेलाची बाटली दोन्ही हातांनी उचलली, स्वतःच्या पायांनी आत गेली आणि कापसावर ओतून आली. वहिनीने पोरगी आत गेलेली पाहून देवाला हात जोडले, आणि कापूस पाहून कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून पोरगी घरात झोपायला लागली.

राहिला दादा. दिवेलागणीला तो माजघराच्या उंबऱ्यावर कापसाकडे तोंड करून बसायचा. बोलायचा नाही. जेव म्हटलं तर जेवायचा, नाही म्हटलं तर नाही. त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांमधून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांबद्दल कानावर काय काय यायचं, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. वहिनी पोळ्या लाटता लाटता त्याच्यावर नजर ठेवायची. मी एवढी फटकळ, पण त्याला "काय झालं" म्हणून विचारायची माझी हिंमत होत नव्हती. तो काय सांगेल याची मला भीती वाटायची.

एका संध्याकाळी लाईन गेली होती. पोरगी पुस्तक घेऊन त्याच्या मांडीवर जाऊन बसली.

"बाबा, तुमाले भेव लागते काय त्याचं?"

वहिनीचं लाटणं थांबलं.

"हो व माय," दादा म्हणाला. "लागते."

"मले बी लागे."

मग कंदिलाच्या उजेडात तिने एकेक पान उलटत त्याला सगळी गोष्ट सांगितली. दादाने मध्येच विचारलं, "हे म्हैस होय काय?"

"अस्वल हाय. आत्यानं काढलं, म्हून तसं हाय."

शेवटच्या पानावर तो थांबला. "मंग हे जाईन कवा?"

"कापूस गेला का जाते," ती म्हणाली. "तुमीच तं जाऊ नाई देऊन राह्यले त्याले."

त्याच आठवड्यात दादाने अकोटसाठी गाडी सांगितली. भाव काही चढला नव्हता. तेल सांडलेला कापूस तेवढा वहिनीने गादीत भरायला काढून ठेवला. संध्याकाळी दादा परत आला तेव्हा माजघर रिकामं होतं, भिंतींना पांढरे धागे चिकटलेले. पोरगी पुस्तक पोटाशी धरून दारात उभी होती. दादाने चपला काढल्या, आत गेला, वाकून चारही कोपरे पाहिले, दारामागे पाहिलं, पाठ खाजवली आणि बाहेर येऊन तिला म्हणाला, "गेलं व माय."